भरिताची साल, कबाबाची काजळी

विस्तवावर भाजलेल्या अन्नाची गोडी खान्देशाला कोणी नव्याने शिकवायला नको. थंडी पडू लागली की जळगाव परिसरातल्या शेतांवर भरिताच्या पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, त्यात बामणोद-आसोद्याकडची मोठी वांगी पडतात आणि धुराच्या वासाने भूक खवळते. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता त्याच धुराची नवी रूपे जळगाव आणि धुळ्यात दिसू लागली आहेत. संध्याकाळी रस्त्याकडेच्या शेगड्या पेटतात, सळईवरचे कबाब आणि तंगड्या फिरू लागतात. फलकांवर तंदुरीच्या जोडीला ‘बार्बेक्यू’, ‘स्मोक्ड’ हे शब्द आले आहेत. बसून खाणाऱ्यांपेक्षा पार्सल नेणारे अधिक. यावर घराघरांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘यात तेल नाही, म्हणजे तब्येतीला चांगले.’ दुसरा म्हणतो, ‘जळके मांस म्हणजे कर्करोगच.’ दोन्ही मते अर्धवट आहेत.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. खरे धुरावलेले मांस म्हणजे मंद आचेच्या धुरात तासन्‌तास, कधी कधी अनेक दिवस ठेवलेले मांस. जिथे हवा थंड किंवा दमट असते आणि ऊन भरवशाचे नसते, तिथे मांस टिकवण्यासाठी ही रीत रुजली. उत्तर युरोपात ती आहे, आपल्या नागालँडमध्येही आहे. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात ऊन फुकटचे, म्हणून इथे मांस मीठ लावून वाळवले गेले. मराठवाड्यातल्या अशा वाळवलेल्या मांसाच्या चान्यांबद्दल शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात लिहिले आहे. आपल्या शहरांत ‘स्मोक्ड’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा निखाऱ्यावर भाजलेले किंवा तापल्या कोळशावर तूप सोडून धुंगार दिलेले असते. टिकवण्याचा धूर वेगळा, चवीचा धूर वेगळा. पण दोन्हींतली काजळी एकाच जातीची.

ही काजळी येते कुठून? मांसातली चरबी वितळून निखाऱ्यावर टपकते, अर्धवट जळते आणि धूर होऊन वर येते. त्या धुरात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजेच ‘पीएएच’ या गटातली रसायने असतात. ती मांसाच्या पृष्ठभागावर बसतात. बेन्झोपायरीन हे त्यांतले सर्वांत बदनाम नाव. दुसरा गट मांसातच तयार होतो. मांसातली अमिनो आम्ले, साखर आणि स्नायूंमधले क्रिएटिन १५० अंशांपुढच्या आचेत एकत्र आले की हेटरोसायक्लिक अमाइन्स बनतात. आच जितकी कडक आणि वेळ जितका जास्त, तितके त्यांचे प्रमाण वाढते.

काजळीचा धोका प्रथम लक्षात आला तो मात्र खाणाऱ्यांमुळे नव्हे. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवले की, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या त्वचेचा कर्करोग विशेष होतो. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून प्रयोगशाळेत कर्करोग घडवून दाखवला. पुढे १९३०च्या दशकात कोळशाच्या डांबरातून बेन्झोपायरीन वेगळे काढण्यात आले. म्हणजे काजळी अंगाला लागून धोका होतो हे आधी समजले. ती पोटात गेल्यास काय होते, हा प्रश्न बराच नंतर आला.

त्याचे आजचे उत्तर असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे खारवलेले, धुरावलेले किंवा रसायने घालून टिकवलेले मांस, पहिल्या गटात ठेवले. याच गटात तंबाखूही आहे. त्यावरून ‘कबाब सिगारेटइतकाच घातक’ असे संदेश फिरू लागले. ते चूक आहे. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. त्या वेळी दिलेल्या अंदाजानुसार जगात तंबाखूमुळे वर्षाला सुमारे १० लाख कर्करोगमृत्यू होत होते, तर प्रक्रिया केलेले मांस भरपूर असलेल्या आहाराशी जोडलेले सुमारे ३४ हजार.

याच अहवालातला दुसरा आकडा १८ टक्क्यांचा. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. समजा, एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना आयुष्यात हा आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे ते ६ होतील, २३ नव्हे. शिवाय हा हिशेब रोज खाणाऱ्यांचा आहे, महिन्यातून एकदा पार्सल आणणाऱ्याचा नाही. बकऱ्याच्या मटणासह सर्व लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा दुसऱ्या गटात आहे. ताजी कोंबडी यांपैकी कोणत्याच गटात नाही. पण निखाऱ्यावरची काजळी मटण आणि कोंबडी असा भेद करत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात बेन्झोपायरीन किलोमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा घातली आहे.

मग करायचे काय? उत्तर भरितातच आहे. वांगे जाळात काळे होते, पण ती काळी साल आपण खात नाही. ती सोलून टाकतो आणि आतला धुराची चव मुरलेला गर तेवढा घेतो. वांग्यातून चरबीही टपकत नाही. कबाबाच्या बाबतीत मात्र करपलेली कड ‘कुरकुरीत’ म्हणून आधी तोंडात जाते. भरिताचा नियम इथेही लावावा. काळे झालेले काढून टाकावे, कोंबडीची कातडी सोडून द्यावी. भाजणाऱ्यानेही मांस ज्वाळेत न धरता निखाऱ्यापासून थोडे उंच ठेवावे, वारंवार उलटावे आणि चरबी थेट विस्तवात पडू देऊ नये. दही, लिंबू, लसूण, हळद लावून मुरवलेल्या मांसात हेटरोसायक्लिक अमाइन्स कमी तयार होतात. आपल्या आज्या चवीसाठी जे करत होत्या, त्याला प्रयोगशाळेनेही दुजोरा दिला आहे.

पण अधूनमधून खाणाऱ्यासाठी कर्करोगापेक्षा जवळचा धोका पार्सलच्या पिशवीत असतो. बाहेरून करपलेली तंगडी आत हाडाजवळ कच्ची राहू शकते. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू तिथे टिकून राहतात. कोंबडीचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापला तरच ती सुरक्षित मानतात. नुसत्या रंगावर जाऊ नये. धुरातल्या वायूंमुळे पूर्ण शिजलेले मांसही कडेला गुलाबी दिसते आणि मसाल्याच्या लालीत कच्चेपणा झाकला जातो. हाडाजवळचा रस लालसर असेल, तर तुकडा परत विस्तवावर जाऊ द्यावा.

पुढचा प्रश्न वेळेचा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेले मांस बाहेर २ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांवर असेल तर १ तासच, असा संकेत आहे. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, रात्रीही उकाडा हटत नाही. त्या दिवसांत डिक्कीत ठेवलेले पार्सल घेऊन चार घरी भेटी देत फिरणे म्हणजे जंतूंना मेजवानी देणे. पुन्हा गरम केले की सगळे मरते, हाही गैरसमज आहे. स्टॅफिलोकोकस जंतूंनी आधीच सोडलेले विष गरम करून जात नाही. आणि पार्सल कशात बांधले तेही पाहावे. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. हे पान वाचण्यासाठी आहे, कबाब गुंडाळण्यासाठी नाही.

भडक लाल रंगाबद्दलही सावध राहावे. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये चिकन कबाब आणि माशांच्या पदार्थांत कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. लाल मिरची, हळद आणि दही यांतून येणारा रंग मातकट असतो. तोच खरा.

शेवटचा मुद्दा खाणाऱ्याचा नाहीच. पर्सिव्हल पॉट यांना काजळीचे बळी ताटापाशी नव्हे, कामावर दिसले होते. आपल्याकडेही शेगडीचा सर्वाधिक धूर खातो तो ग्राहक नव्हे. रोज संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पंखा हलवत सळया उलटणारा कामगार तो खातो. ग्राहक वीस मिनिटांत पार्सल घेऊन निघून जातो. हा मात्र काजळी, सूक्ष्म कण आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड रोज श्वासात घेतो. बंदिस्त गाळ्यात, धूर खेचणाऱ्या पंख्याविना पेटलेली शेगडी ही आधी त्याच्या फुफ्फुसांची समस्या आहे.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने जळगाव आणि धुळ्यातल्या या दुकानांची तपासणी करताना १४ अंकी परवाना क्रमांक लावला आहे की नाही, एवढ्यावर थांबू नये. रंगाचे नमुने घ्यावेत, मांस कसे साठवले जाते ते पाहावे. धुराला बाहेर जायला वाट आहे की नाही, हे महापालिकांनी पाहावे. ग्राहकाच्या हातीही बरेच आहे. पार्सल रोजचे करू नये. आणले की तासाभरात खावे, सोबत कांदा, काकडी, भाकरी असू द्यावी. आणि मागणी देताना ‘कडक भाजा’ ऐवजी ‘आतून शिजू द्या, करपवू नका’ असे सांगावे. दुकानदार ग्राहकाचे ऐकतो. काळे नको असे चार जणांनी सांगितले, तर पाचव्याला ते मिळणार नाही.