'इंग्रजी नाही' एवढं ओळखून भागत नाही
एक्सएमएल फाइलमधून छापील यादी काढताना मराठी नावाला मराठी फॉन्ट लागावा, हे एक्सएसएलटी स्टाइलशीट ठरवते. पण अनेक प्रोग्रामर अक्षर आस्कीबाहेरचं आहे का, एवढंच तपासतात. मग फ्रेंच 'कॅफे'तलं डोक्यावर चिन्ह असलेलं 'ई'ही परकं ठरतं; ते तर लॅटिनच! २००७च्या एक्सएसएलटी २.० पासून युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा गट थेट तपासता येतो. मात्र 'प्रत्येक अक्षर याच गटातलं हवं' ही अट घातली, तर 'कुऱ्हाडे' अडकू शकतात. त्यातला अर्धा र कधी अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप होतो आणि ते चिन्ह गटाबाहेरचं आहे. त्या चिन्हाला मुभा द्यायलाच हवी. चाचणीसाठी पहिलं नाव कुऱ्हाडेच घ्या, दोन्ही पद्धतींनी टाइप करून.