बंगई काळवंडली? मोडीत काढू नका!

मैत्रिणींनो, आमच्या वर्धेकडे जुन्या घरांच्या ओसरीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, हमखास दिसतो. उन्हापावसाने तो राखाडी पडला, की "लाकूड गेलं आता" म्हणून मातीमोल भावात विकतात. थांबा! सागाच्या अंगात मुळातच तेल असते; ऊन-पाऊस वरचा पातळ थर तेवढा खातो. दाभण टोचून पाहा. सहज रुतले तर लाकूड कुजले, नाही तर आतून शाबूत. कड्यांपाशी मात्र नीट तपासा. तिथे रुतले तर मुलांना बसू देऊ नका, आधी सुतार बोलवा.

आता कृती. कोमट पाण्यात साबणचुरा घालून काथ्याच्या ब्रशाने धुवा. तारेची घासणी नको. लोखंडाचे कण राहून काळे डाग पडतात. दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. १२० नंबरचा, मग २२० नंबरचा काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. मग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉईल्ड जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि १५ मिनिटांनी जास्तीचे पुसून घ्या, नाही तर चिकट राहते. दुसरा हात एक दिवसाने.

एक मात्र विसरू नका बरं! तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तर जपाच. चिंध्या पाण्यात भिजवून, अंगणात सुट्या पसरून वाळवा, मगच टाका.

दरवर्षी दिवाळीनंतर तेलाचा एक हात दिलात, की बंगई नातवंडांनाही पुरेल!