नामंजुरीचे पत्र आले म्हणून गप्प बसू नका!

माजी सैनिक बंधूंनो, वीरमाता-वीरपत्नींनो आणि गावोगावच्या जाणत्या मंडळींनो,

भरतीच्या वेळी सैन्याचा डॉक्टर पोराला नखशिखांत तपासतो. छाती मोजतो, तळपाय सपाट आहेत का बघतो, गुडघ्याला गुडघा लागतो का बघतो, कान-डोळे-दात काही सोडत नाही. जरा खोट दिसली की 'अनफिट' म्हणून घरी धाडतो. म्हणजे जो आत गेला तो धडधाकट, असा शिक्का सरकारनेच मारलेला असतो. पंधरा-वीस वर्षांनी तोच माणूस फिट्स, रक्तदाब, निकामी मणका किंवा बिघडलेले मन घेऊन बाहेर पडतो, तेव्हा तेच सरकार म्हणते, "हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही." मग झाला कशामुळे? ते मात्र कुठेच लिहिलेले नसते.

या एका वाक्यावर डिसॅबिलिटी पेन्शनचे दावे नामंजूर होतात. आमचे म्हणणे सरळ आहे. कायदा सैनिकाच्या बाजूने आहे, सर्वोच्च न्यायालय सैनिकाच्या बाजूने आहे. आडवे येते ते सरकारी कार्यालय, आणि त्याला साथ मिळते ती आपल्या गप्प बसण्याची.

एकाच साच्यातले वाक्य

रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद, म्हणजे एएफएमएसएफ-16, काढून बघा. प्रत्येक आजारापुढे विचारलेले असते: सेवेमुळे झाला का? नाही. सेवेमुळे वाढला का? नाही. कारणाच्या जागी बहुतेक वेळा ठरलेली ओळ असते: आजाराची सुरुवात पीस स्टेशनला झाली, फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या ड्यूटीशी निकटचा संबंध नाही. खाली डॉक्टरांच्या सह्या. माणूस बदलतो, नंबर बदलतो, आजार बदलतो. ओळ तीच राहते.

पीस स्टेशन म्हणजे काही माहेरपण नसते. तिथे रात्रीची गार्ड असते, एक्सरसाइज असते, फायरिंग असते. घरी बापाचे ऑपरेशन असो की भाऊबंदकीची केस, रजा मिळेलच असे नाही. आणि सियाचीन-राजौरीत काढलेली वर्षे अंगातून लगेच निघून जात नाहीत. आजार काही पोस्टिंग ऑर्डर बघून येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये एका निवृत्त सुभेदाराच्या प्रकरणात हेच बजावले, की आजार पीस स्टेशनला सुरू झाला एवढ्यावर बोर्डाची सुटका होत नाही. सेवेमुळे नाही तर कशामुळे, याचे कारण बोर्डाने दिले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

धरमवीर सिंग हे सिग्नल्सचे जवान 1985 मध्ये भरती झाले. फिट्स येऊ लागल्या म्हणून 1994 मध्ये त्यांना बोर्ड आउट केले, म्हणजे आजारामुळे सेवेतून काढले, आणि पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2 जुलै 2013 रोजी. तो प्रत्येक माजी सैनिकाला तोंडपाठ हवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरायचे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे मानायचे. तसे नाही म्हणायचे असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नव्हे. शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला. आणि बोर्डाने कारणे लिहिलीच पाहिजेत.

सुखविंदर सिंग प्रकरणात 2014 मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. आजारामुळे नोकरीतून काढायचे आणि अपंगत्व मात्र 20 टक्क्यांहून कमी दाखवायचे, हे चालणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात राम अवतार निकाल आला. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा, म्हणजे ब्रॉड बँडिंगचा लाभ, मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही द्यावा लागेल असे ठरले.

याचा अर्थ पैशात बघा. शेवटचा पगार 40,000 रुपये धरा. 100 टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 12,000 रुपये. 20 टक्क्यांचे होतात 2,400. पण 20 टक्के हे 50 धरायचे असतात, म्हणजे 6,000 रुपये महिना, वर महागाई भत्ता. दहा वर्षे भरायच्या आत बोर्ड आउट झालेल्या जवानाचे तर आणखी बिकट. आजार सेवेमुळे मानला तर त्याला सर्व्हिस एलिमेंटही, म्हणजे सेवेपोटीचा पेन्शनचा भागही, मिळतो. नाही मानला तर ऐन तारुण्यात किरकोळ रक्कम हातावर टेकवून त्याला घरी पाठवता येते. बोर्डाच्या कागदावरच्या एका 'नाही'ची किंमत इतकी आहे.

"सगळेच खोटे दावे करतात" म्हणणाऱ्यांना

डिसॅबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. कॅगच्या अहवालाचा दाखला देतात. आम्हीही तोच देतो. 2015-16 ते 2019-20 या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडले. जवान आणि जेसीओंमध्ये हे प्रमाण 15 ते 18 टक्के होते. खंदक खणणारा, ओझी वाहणारा, गस्त घालणारा जवान अधिकाऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी आजारी पडतो, यावर कोणी विश्वास ठेवील का? आम्हाला या आकड्यांत दिसते ते वेगळेच: ज्याला कागद कळतो त्याला हक्क मिळतो, ज्याला कळत नाही त्याच्या हाती इंग्रजी पत्र पडते. कोणी खोटा दावा केला असेल तर त्याला जरूर पकडा. पण चोराला सोडून संन्याशाला सुळी देऊ नका.

जिंकलेल्या जवानाला पुन्हा कोर्टात

सशस्त्र दल न्यायाधिकरणात केस जिंकली तरी सुटका नाही. संरक्षण मंत्रालय वर अपील करते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षी आलेल्या अहवालाने अपंग सैनिकांविरुद्धच्या अपिलांवर कडक ताशेरे ओढले. गोव्याच्या या मंत्र्याने मूळ रोग ओळखला होता. पण पुढे काय झाले? 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार खुले केले, आणि त्या दाराने मंत्रालयच शेकडो याचिका घेऊन आत शिरले. जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा सुमारे 300 याचिका एका फटक्यात फेटाळल्या. वकिलांची फी सरकारी तिजोरीतून जाते. जवानाची जाते म्हशीच्या आणि मंगळसूत्राच्या पैशातून.

आता काय करायचे?

पहिले काम कागदांचे. मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल, पोस्टिंगची नोंद. जखम असेल तर इन्जुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद. हे सगळे आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा, मग ते बेळगावचे असो, सागरचे असो वा नाशिक रोडचे. दिले नाही तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

दुसरे, नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत पहिले अपील करा. तेही फेटाळले तर दुसरे. अपिलात गयावया नको. 'मी देशाची सेवा केली, कृपा करावी' असे लिहून काही होत नाही. तारीखवार लिहा: भरतीला फिट होतो, अमुक साली अमुक ठिकाणी होतो, पहिला त्रास अमुक ड्यूटीवर झाला, अमुक मिलिटरी हॉस्पिटलात दाखल झालो, बोर्डाने कारण दिलेले नाही, सबब धरमवीर सिंग निकाल लागू होतो.

तिसरे, तिथेही दाद लागली नाही किंवा 6 महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

निवृत्त होऊन वीस वर्षे झाली असली तरी हात टेकू नका. तरसेम सिंग प्रकरणात 2008 मध्येच ठरले आहे, की पेन्शनचा हक्क उशिरामुळे बुडत नाही. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या 3 वर्षांचीच मिळते. म्हणजे घालवलेला प्रत्येक महिना आपल्या खिशातून जातो. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे आपल्या डिस्चार्जच्या तारखेला कोणते नियम होते ते आधी पाहा.

आणि टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटाला ओटीपी, पासवर्ड किंवा कोरा सही केलेला कागद देऊ नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिची लेखी चौकशी करा, पोच घ्या.

आमच्या मागण्या

1. कारण न लिहिलेले बोर्डाचे मत ग्राह्य धरू नये. बोर्डाची प्रत जवान गेटबाहेर पडण्याआधी त्याच्या हातात पडावी.
2. नामंजुरीचे पत्र जवानाला कळणाऱ्या भाषेत यावे, महाराष्ट्र-गोव्यात मराठी-कोकणीत. अपील कुठे, किती दिवसांत करायचे हे त्यातच छापावे.
3. निकाल लागून चुकलेल्या मुद्द्यांवर मंत्रालयाने अपील करू नये. केले आणि हरले, तर खर्च अपिलाची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल व्हावा.
4. पहिल्या अपिलाचा निर्णय 6 महिन्यांत न लागल्यास दावा मंजूर समजावा.
5. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिसॅबिलिटीची अपिले लिहून देणारा जाणकार माणूस राज्य सरकारने नेमावा. यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याची गरज नाही.

मंडळी, सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे या सैनिकांच्या गावातल्या स्मृतिस्तंभाला हार घालायला पुढारी येतात, यापुढेही येतील. आता त्यांच्या हातात हाराबरोबर या पाच मागण्याही द्या. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, मंजूर करून घ्या आणि खासदाराला देऊन त्याच्याकडून पोच घ्या. गावात नामंजुरीचे पत्र आलेली किती घरे आहेत त्यांची यादी करा. त्यातल्या एकाही घराचे अपील दाखल झाल्याशिवाय राहता कामा नये.

— सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील काही माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय

(वाचून झाल्यावर पत्रक टाकू नका; शेजारच्या माजी सैनिकाला द्या, त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.)