भक्त नव्हे, उपासक!

दस्तातील एक शब्द बदलला की जमिनीचा धनी बदलतो, हे प्रत्येक वकील जाणतो. धर्मातही तसेच आहे. मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावांतून ज्या कुटुंबांनी दीक्षा घेतली, त्यांच्या तोंडी अद्याप ‘बुद्ध पावला’, ‘बुद्धाला नवस केला’, ‘आम्ही बाबासाहेबांचे भक्त’ अशी भाषा येते. भिंतीवरची तसबीर बदलली. जिभेवरचा देव मात्र हलला नाही!

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे, भाव महत्त्वाचा. या युक्तिवादास आपली भीमाच उत्तर देते. हीच नदी पुढे पंढरपुरास चंद्रभागा होते. तेथे चोखोबांच्या भावात काय उणे होते? तरीही त्यांची समाधी मंदिराबाहेर, महाद्वारासमोरच राहिली. त्यांच्या बांधवांना आत पाऊल टाकण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सहा शतके भक्ती दाराबाहेर तिष्ठत राहिली. भक्त मागतो, देव देतो; न दिल्यास भक्त आपल्याच कर्माला बोल लावतो. या नात्यात हक्काला जागाच नाही.

‘उपासक’ म्हणजे जवळ बसणारा. जवळ बसणारा ऐकतो, विचारतो, पारखून घेतो. पालीतील ‘सद्धा’ म्हणजे श्रद्धा खरी; परंतु केवळ परंपरेने आले वा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. ‘श्राद्ध’ हा शब्दही श्रद्धेच्याच पोटचा. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी श्राद्ध व पिंडदान वर्ज्य केले. डोळस श्रद्धा ठेवावी, आंधळी टाकावी, हाच त्याचा अर्थ.

आणि बाबासाहेबांचे ‘भक्त’? राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनीच दिला होता. त्यांचे भक्त म्हणवून घेणे म्हणजे त्यांचाच शब्द मोडणे होय. आपण त्यांचे अनुयायी आहोत.

म्हणून बंधुभगिनींनो, परीक्षेस निघालेल्या मुलाला ‘बुद्ध पावेल’ असे सांगू नका. ‘वंदन कर, आणि केलेला अभ्यास नीट लिही’ असे सांगा. वंदनात कृतज्ञता असते, याचना नसते. ज्या घरात याचनेची भाषा संपते, त्याच घरातली मुले उद्या हक्काची भाषा ताठ मानेने बोलतील.