लाल गोळी, निळी गोळी आणि वर्ध्याचं कृषी केंद्र

'रेड पिल घे भावा' हे वाक्य आता कुणीही कुणालाही सांगतं. जिमची रील असो, ट्रेडिंगचा कोर्स असो की स्पर्धा परीक्षेच्या क्लासची जाहिरात, मॉर्फियसचा काळा चष्मा आणि तळहातावरच्या त्या दोन गोळ्या कुठून तरी येतातच. १९९९ सालच्या 'द मॅट्रिक्स'मधून आपण स्वातंत्र्याची एक सोपी व्याख्या उचलली. समोर दोन पर्याय येतात, हिंमतवाला खरा पर्याय उचलतो, बाकीचे झोपून राहतात. म्हणजे जो अडकला तो स्वतःच्याच निवडीनं अडकला.

माझं म्हणणं आहे की ही व्याख्या खोटी आहे, आणि वर्धा जिल्ह्यात तर ती क्रूर आहे. ती खोटी ठरवण्यासाठी तत्त्वज्ञानाची जाड पुस्तकं लागत नाहीत. ज्या सिनेमांच्या नावावर ती विकली जाते, तेच सिनेमे शेवटपर्यंत पाहिले तरी पुरे.

दुसरा भाग कुणी पाहिला?

'द मॅट्रिक्स रीलोडेड' (२००३) च्या शेवटाकडे निओ आर्किटेक्टला भेटतो. पांढरी दाढी, मागे टीव्हीच्या पडद्यांची भिंत, आणि ऐकणाऱ्याला झोप येईल अशी भाषा. म्हणून बहुतेक लोक तो सीन पुढे ढकलतात. पण सगळा मामला तिथेच आहे. आर्किटेक्ट सांगतो की पहिली मॅट्रिक्स परिपूर्ण होती आणि ती सपशेल फसली. मग उपाय सापडला: माणसांना निवड द्या. निवड आहे एवढी पुसटशी जाणीव असली, तरी जवळपास ९९ टक्के लोक यंत्रणा मुकाट स्वीकारतात. उरलेल्या एक टक्क्याच्या बंडाचीही सोय केलेली आहे. निओ हा असा सहावा 'तारणहार'. लाल गोळीसुद्धा यंत्रांच्याच हिशेबात धरलेली होती.

आता जून महिन्यात वर्धा, देवळी, हिंगणघाट, कुठल्याही गावच्या कृषी केंद्रात जा. भिंतभर कापसाच्या बियाण्यांची पाकिटं. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा रंग, फुटलेल्या बोंडाचा वेगळा फोटो. दुकानदार विचारतो, "कोणती देऊ?" शेतकरी शेजाऱ्याच्या वावरात काय पिकलं ते आठवतो, उधारी कशावर मिळते ते पाहतो आणि एक पाकीट उचलतो. निवड झाली. पण वर्षानुवर्षं त्यातल्या बहुतेक पाकिटांत बोंडअळीविरुद्धचे तेच ते दोन जनुक असतात. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ साली, आणि साधारण दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. तो संकरित असल्यामुळे घरची सरकी पेरून चालत नाही. दर जूनला पुन्हा दुकान. देशी, सरळ वाणांची पाकिटं मात्र हळूहळू भिंतीवरून गायब झाली.

माझा राग बियाण्यावर नाही. सुरुवातीच्या वर्षांत बीटीमुळे हिरव्या बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, हे खरं आहे. पुढे गुलाबी बोंडअळीनं दोन्ही जनुकांना दाद देणं बंद केलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातला कापूस पोखरून काढला. तेव्हा बांधावर काय ऐकू आलं? 'पाकीट चुकीचं निवडलं.' भिंतीवरची पन्नास नावं एकाच कामासाठी होती: नुकसान झालं की त्याचा धनी ठरलेला असावा.

यावर कुणी म्हणेल, मग बंदी उठवा, पर्याय वाढवा. शेतकरी संघटनेनं २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं, ज्याला आपल्याकडे 'चोर बीटी' म्हणतात, ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची मागणी सरळ आहे आणि सरकारी मनाईपुरती मला ती पटते. पण ती भिंतीपाशी येऊन थांबते. एक पाकीट वाढलं म्हणून भिंत कुणी सजवायची, हा प्रश्न सुटत नाही.

दारूबंदी आणि अॅलेक्स

स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) मध्ये अॅलेक्स नावाच्या गुंड पोरावर सरकार एक प्रयोग करतं. त्यानंतर हिंसेचा नुसता विचार आला तरी त्याला मळमळतं. तुरुंगातला पाद्री आक्षेप घेतो की ज्याला वाईट वागताच येत नाही, त्याचं चांगलं वागणं हे चांगुलपण कसलं?

याच काळात, सत्तरच्या दशकाच्या मध्यात, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली. गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून. आज तिचं काय चाललंय ते जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती नाहीतर यवतमाळ, तिथे दुकानं उघडी, आणि अलीकडे बाटली घरपोच. त्यामुळे बंदीची टिंगल करणारा प्रत्येक मित्र एकदा तरी त्या पाद्र्याचा मुद्दा मांडतो: माझ्या इच्छास्वातंत्र्यात सरकार कोण?

मुद्दा दमदार आहे, पण त्याच्या चौकटीत एकच माणूस आहे. क्युब्रिकचा कॅमेरा अॅलेक्सला चिकटून राहतो. आपल्या गावात पिणाऱ्याच्या मागे एक घर असतं. निंदणाची मजुरी आणणारी बायको असते, फी थांबलेली पोरगी असते. त्यांची इच्छा कुठल्या खात्यात मांडायची? एकाच्या हातातला ग्लास म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्या ग्लासापायी तिघांना जे सोडावं लागतं ते नशीब, हा हिशेब मला मान्य नाही.

तरीही वर्ध्याच्या बंदीची बाजू मी पूर्ण घेणार नाही, कारण महाराष्ट्रातच याहून चांगला नमुना आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायांनी मतदान मागायचं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली छापायची, बहुमतानं बाटली आडवी झाली की दुकान बंद. दुकान दोन्हीकडे बंदच झालं. पण आडवी बाटली ज्यांनी भोगलं त्यांनी पाडली, आणि आमच्याकडची बंदी महापुरुषांच्या पुण्याईवर वरून आली. जी निवड लोकांनी केलीच नाही ती ते राखतही नाहीत. पाद्री इतकंच म्हणाला असता तर मी त्याच्याशी सहमत झालो असतो.

गुन्ह्याआधीची हजेरी

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) मध्ये २०५४ सालचे पोलीस खून होण्याआधीच खुन्याला पकडतात. सिनेमा पाहून आपण शहारतो: बापरे, भविष्यात असं झालं तर! आपल्याकडे ते होऊन गेलं आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींची नावं यादीत घालायची सोय केली. यादीतल्या घरात जन्मलेल्यानं काही केलेलं नसलं तरी नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. कायदा गेला १९५२ मध्ये. नजर गेली नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावरच्या पोराला विचारा, चोरी झाली की पहिली गाडी कुठे येते.

टॉम क्रूझच्या अँडरटनला निदान आपलं भाकीत पाहता येतं, आणि पाहता आलं म्हणूनच ते बदलायची संधी मिळते. पारध्याच्या पोराचं भाकीत पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात असतं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं १९८७ साली. ज्यांच्या जातीचं नावच आरोप ठरलं, त्यांची ती कहाणी स्पीलबर्गच्या १५ वर्षं आधी मराठीत होती. आपण ती दलित-भटक्यांचं आत्मकथन म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवली, आणि इच्छास्वातंत्र्याची चर्चा करायला टॉम क्रूझची वाट पाहिली.

पात्र, अपात्र

आता सगळ्यात अवघड गोष्ट.

'ब्लेड रनर' १९८२ च्या जूनमध्ये आला. त्यातला रॉय बॅटी हा कारखान्यात बनलेला माणूस. त्याच्या आयुष्याचा हेतू दुसऱ्यानं ठरवलेला, मुदत चार वर्षं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पवनारच्या आश्रमात ८७ वर्षांच्या विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. बॅटी जास्त आयुष्य मागत होता, विनोबा मिळत असलेलं परत करत होते. विनोबांचा निर्णय पटो न पटो, तो निर्णय होता यात शंका नाही. अन्न समोर होतं, औषध हाताशी होतं, जगा म्हणून विनवणारी माणसं भोवती होती. 'हो' म्हणण्याची वाट पूर्ण उघडी असताना त्यांनी 'नाही' म्हटलं.

याच जिल्ह्यात आणखी एका प्रकारे माणसं गेली आहेत. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यांत वर्धा होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. नापिकी होती का? कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं जुळली तर फाईलवर 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. नातेवाइकाकडून हातउसनं घेतलेलं मोजत नाहीत. सातबारा नावावर नसेल तर ती बाई शेतकरी ठरणंही कठीण. आणि व्यसन, घरगुती भांडण असं काही पंचनाम्यात आलं की मामला संपला.

म्हणजे इच्छास्वातंत्र्याचा तो जुना वाद आमच्याकडे कलेक्टर ऑफिसच्या टेबलावर रोज निकाली निघतो. 'पात्र' म्हणजे परिस्थितीनं मारलं. 'अपात्र' म्हणजे ज्याचं त्यानं केलं. लाल गोळी, निळी गोळी. जणू कर्ज, दारू आणि घरातलं भांडण या तीन वेगवेगळ्या घरांतल्या गोष्टी आहेत. ज्याच्या समोरच्या वाटा एकेक करून बंद झाल्या, त्याच्या शेवटच्या कृतीला 'निवड' म्हणणं ही सरकारची सोय आहे. त्यात काडीचंही सत्य नाही.

मग माणसाला जबाबदारीच नाही का? सगळं परिस्थितीच करते? असं मी म्हणत नाही, आणि बॅटीही म्हणत नाही. मरायच्या काही क्षण आधी तो आपल्याच शिकाऱ्याचा हात धरून त्याला वर ओढतो. ते कुणी त्याच्यात भरलेलं नव्हतं. पण ज्यांना हा शेवट पाठ आहे, ते त्याआधीचा सीन विसरतात. बॅटी टायरेलकडे जातो. ज्यानं आपली मुदत ठरवली, त्याच्या दारात जाऊन हिशेब मागतो. त्या भेटीचा शेवट रक्तात होतो, तो मला नको. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला होता.

कोणाला विचारायचं

हाच प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात राहून गेला. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला चार्ली चॅप्लिन गांधींना भेटला आणि यंत्रांना विरोध का, असं त्यानं विचारलं. गांधींच्या उत्तराचा रोख यंत्रापेक्षा परावलंबनावर होता: या यंत्रांनी भारताला इंग्लंडवर अवलंबून ठेवलं. १९३६ मध्ये 'मॉडर्न टाइम्स' आला, ज्यात कामगाराला जेवू घालायलाही यंत्र आहे, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गांधी सेगावला राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. त्यांना यंत्रांचा शत्रू समजणाऱ्यांनी १९२९ ची स्पर्धा आठवावी. सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस होतं. अटी अशा की तो झोपडीत चालला पाहिजे, दीडशे रुपयांच्या आत बसला पाहिजे, आणि बाईनं आठ तास चालवला तरी ती थकून जाता कामा नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्राला अटी घालणारा वापरणाऱ्याच्या बाजूचा होता, एवढं त्यातून दिसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी दोन पर्याय पुढे करून 'निवड' म्हणालं, मग तो क्लासवाला असो, बियाणं कंपनी असो, सरकार असो की फोनमधला अल्गोरिदम, तर लगेच हात पुढे करू नका. तीन गोष्टी विचारा. तिसरा पर्याय काय होता आणि तो कुणी काढून टाकला? निवड चुकली तर पैसे कुणाचे बुडतील? आणि हे पर्याय ठरवणाऱ्या बैठकीत आपलं कोण होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'कुणी नाही' असं येईल. मग ग्रामसभेला जा, एकटे जाऊ नका, आणि तिथे तो प्रश्न नोंदवून घ्या. सिनेमात हे दाखवत नाहीत, कारण ग्रामसभा फार कंटाळवाणी असते. आर्किटेक्टचा सीनही कंटाळवाणाच होता, आणि सगळं त्यातच होतं.