वाळूजच्या बिअरचं पाणी : किती घेतलं यावर भांडण, किती सांडलं ते कोण विचारतं?

छत्रपती संभाजीनगर : गावात टँकर फिरू लागले की जिल्ह्यात एक वाद हमखास उठतो. वाळूजच्या बिअर कारखान्यांना जायकवाडीचं पाणी कशाला? २०१६ च्या दुष्काळात तर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापायला लावलं गेलं.

पण हे सगळं भांडण कारखान्यात पाणी किती शिरलं यावरच चालतं. त्यातून बिअर किती निघाली, हे फारसं कुणी विचारत नाही. खरी मेख तिथंच आहे.

चांगल्या कारखान्याला १ लिटर बिअरमागे साधारण ४ लिटर पाणी लागतं, जुन्या कारखान्याला त्याहून बरंच जास्त. मोड आणून वाळवलेलं सातू गरम पाण्यात भिजवून गोड रस काढतात, तो उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवतात. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला गळती आहे. थोडा रस चोथ्यात राहतो, थोडा उकळल्यावर खाली बसणाऱ्या गाळात जातो. टाकीच्या तळाला यीस्टचा जाड थर बसतो, त्यातही बिअर अडकते. मग गाळणी, मैलभर वाटावेत असे पाइप आणि शेवटी बाटल्या भरताना येणारा फेस. एक गोष्ट मात्र नुकसानीत धरू नये : उकळता रस थंड झाला की आकारमानानं सुमारे ४ टक्के आटतोच. गरम मोजून थंडाशी ताळा लावला, तर उगाच चोर शोधत बसावं लागतं.

आता हिशेब मांडू. १ लाख लिटरच्या घाण्यात ८ टक्के वाया गेले, तर हाती ९२ हजार लिटर. तीच गळती ५ टक्क्यांवर आणली तर ३ हजार लिटर बिअर जास्त मिळते. तेवढी बिअर नव्यानं करायची तर १२ हजार लिटर पाणी लागलं असतं. म्हणजे गावात येणारा एक अख्खा टँकर, तोही एकाच घाण्यात.

घाणा केवढा, यावरही बरंच अवलंबून. घाणा मोठा असो की छोटा, पाइपात राहणारी बिअर तेवढीच आणि धुवायला लागणारं पाणीही जवळपास तेवढंच. त्यामुळं छोट्या घाण्यात टक्का वाढतो. आज हा ब्रँड, उद्या तो, असं करत छोटे छोटे घाणे लावले की पाणी मुकाट्यानं जातं. यावर कारखानदारांनी काढलेला तोड म्हणजे आधी कडक बिअर आंबवायची आणि भरण्याआधी पाणी घालून बेताची करायची. त्याच टाकीतून माल जास्त निघतो.

सांडलेली बिअर नुसती पाण्यासारखी वाहून जात नाही. १ लिटर बिअर गटारात गेली, तर सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर घरगुती सांडपाण्याच्या दोन-तीनशे लिटरइतका भार पडतो. ती यंत्रणा कमी पडली, तर त्रास खालच्या ओढ्याला आणि विहिरींना.

दूध धंदा करणाऱ्यांचा संबंध यात वेगळाच आहे. १०० लिटर बिअरमागे १५ ते २० किलो ओला चोथा निघतो. प्रथिनं चांगली, म्हणून तो गोठ्यात खपतो. पण साध्या पद्धतीच्या चोथ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, आणि घेणारा वजनाचे पैसे मोजतो. ज्या कारखान्यानं रस दाबून काढायचं यंत्र बसवलं, त्याचा चोथा कोरडा येतो, किलोमागं खाद्य जास्त पडतं. गाडी ठरवण्याआधी मूठभर चोथा पिळून बघितला तर फरक लगेच कळतो. आणि उन्हाळ्यात तो दोन दिवसांत आंबतो, बुरशी येते. बुरशी आलेला चोथा दुभत्या जनावराला घालू नये.