दाखला दिला की जबाबदारी संपली?

विद्यार्थ्याच्या दप्तरात अमली पदार्थाची पुडी सापडली की आपल्याकडे एक ठरीव नाट्य सुरू होते. शाळा पालकांना दोष देते, पालक शाळेला आणि दोघे मिळून पोलिसांना. अखेर संस्थेचे नाव वृत्तपत्रात येऊ नये म्हणून मुलाच्या हाती गुपचूप दाखला ठेवला जातो. शाळा निष्कलंक राहते. मुलगा मात्र पुडी विकणाऱ्याच्या आणखी जवळ ढकलला जातो.

ही पुडी येते कोठून? ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले. माग काढता तो माल रांजणगावच्या कारखान्यात तयार झाल्याचे उघड झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात पुणे पोलिसांना शेकडो किलोंचा साठा मिळाला. पुढच्याच महिन्यात पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाला याच पदार्थाच्या प्रकरणात अटक झाली. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्या पंचक्रोशीत रसायनशास्त्राची ही अधोगती! आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा कोण, तर नववीतला मुलगा.

कायदा आपल्याहून शहाणा आहे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकाला अमली पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. प्रवेशद्वारासमोरची टपरी मुख्याध्यापकांना, नगरसेवकांना आणि आपणा सर्वांना रोज दिसते. तक्रार करतो कोण?

तरीही सारा भार शासनावर टाकून मोकळे होणे कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांना शोभत नाही. तीन पाळ्यांच्या या नगरीत बाप रात्रपाळीला, आई नोकरीला, आजी-आजोबा गावी. पूर्वी ही पोकळी शेजार भरून काढी, संध्याकाळचे मैदान भरून काढी. सदनिकांच्या जाहिरातीत तरणतलाव असतो. मुलांच्या खेळाची जागा वाहनतळाने गिळलेली असते. त्या मातापित्यांना संस्कारांवर व्याख्यान ऐकवणे सोपे. त्यांच्या मुलाला रोज तासभर मैदानावर नेणे कठीण, आणि ते काम आपले आहे.

व्यसन जडलेल्या मुलाला उपचार हवेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करीत आहे. आपले अनेक कार्यकर्ते शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे : गेल्या वर्षी मध्येच किती दाखले दिले, कोणत्या कारणाने, आणि ती मुले आज कोठे आहेत?